ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, श्रेय कोणाला जातं?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून तरुण डॉक्टरांचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

‘एमबीबीएस झाल्यावर फॅमिली मेडिसिनचा डिप्लोमा केला आणि तीन वर्षांपूर्वी गावात दवाखाना टाकला. गरज नसताना इंजेक्शन देत नाही, सलाईन लावत नाही, पेशंट पुढे पाठवण्याचा कट (कमिशन) घेत नाही. तरी पेशंट एकदा येतो, दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की समोरच्या दवाखान्यात जातो. तिथे सुई टोचून घेतली की “त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे” म्हणतो. माझी ओपीडी वीस-पंचवीसच्या पुढे सरकत नाही. लोकांना चांगल्या उपचाराची कदरच नाही असं मानून मीही सुया टोचायला लागू का? एक मित्र म्हणतो, ओळखीच्या पेशंटांकडून नेटवर रिव्ह्यू लिहून घे, थोडी जाहिरात कर. काय करावं?’

डॉक्टर,

सुया टोचायला लागू नका. आणि लोकांना कदर नाही, हेही मनातून काढून टाका. तुमच्या पत्रातलं ‘दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की’ एवढंच वाक्य पुन्हा वाचा. अडचण तिथेच आहे आणि ती दूर करता येण्यासारखी आहे.

साधा व्हायरल ताप बहुतेकांना तीन ते पाच दिवस राहतो. माणूस तुमच्याकडे येतो तो पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी. तुम्ही नीट तपासता, पॅरासिटामॉल देता आणि ‘व्हायरल आहे, वाटेल बरं’ म्हणता. त्याच्या कानात शेवटचे दोन शब्द राहतात. संध्याकाळी ताप परत चढला की घरात निकाल लागतो: या औषधाने गुण नाही आला. दुसऱ्या दिवशी तो समोर जातो, सुई घेतो आणि तिसऱ्या दिवशी ताप आपल्या गतीने उतरतो. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून काढलेला निष्कर्ष अगदी सरळ आहे. तो चुकला, कारण तापाचा रस्ता त्याला कोणी आधी दाखवला नव्हता.

म्हणून पहिल्याच भेटीत असं काहीतरी सांगा: ‘मामा, हा ताप आज रात्री पुन्हा चढेल. उद्या संध्याकाळीही चढेल, अंग मोडून येईल. त्याला घाबरू नका, गोळी घेतली की दोन-तीन तास उतरेल आणि परत चढेल. परवापासून जोर कमी व्हायला लागेल. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल, तोपर्यंत ताप गेलेला असेल. आता हे ऐका: धाप लागली, उलट्या थांबेनात, पोटात जोरात दुखायला लागलं, लघवी कमी झाली, कुठून रक्त आलं किंवा माणूस सुस्त पडून राहिला, तर रात्र असली तरी फोन करा. यातलं काही झालं नाही तरी चौथ्या दिवशी दाखवून जा, त्याची फी नाही.’

हे बोलायला मिनिटभर लागतं. पण त्यानंतर रात्री ताप चढला की घरात वेगळं बोलणं होतं: ‘डॉक्टर म्हणाले होते, चढेल.’ तोच ताप आणि तीच गोळी, पण आता तुमचा शब्द खरा ठरलेला असतो. हाताला गुण असणं म्हणतात त्यातला मोठा भाग हा आहे. पुढे काय होणार हे जो आधी सांगतो आणि ते होत असताना पाठीशी उभा राहतो, त्याला लोक आपला डॉक्टर म्हणतात. बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका गोष्टीच्या भोवती येतात.

चौथ्या दिवशी बिनफी बोलावण्यामागे निव्वळ वैद्यकीय कारणही आहे. डेंगीत धोका वाढतो तो ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. घरच्यांना वाटतं सुटलो, आणि नेमक्या त्या २४ ते ४८ तासांत रक्तदाब कोसळू शकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ‘ताप उतरला की येऊ नका’ असं चुकूनही सूचित होऊ देऊ नका. तपासण्यांचंही तसंच आहे. पहिल्या दिवशी केलेल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) बहुधा काही दिसत नाही. प्लेटलेट खाली येणं आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढणं पुढच्या दिवसांत कळतं. डेंगीची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी त्यानंतर. टायफॉइडसाठीची विडाल तर पहिल्या आठवड्यात करण्यात अर्थच नाही, कारण अँटिबॉडी वाढायला तेवढे दिवस लागतात. शिवाय आपल्याकडे जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे ती उगाच पॉझिटिव्ह येते आणि ‘टायफॉइड निघाला’ म्हणून माणूस नको ती औषधं खात बसतो. ‘आज तपासणी केली तर तुमचे पैसे वाया जातील, ताप राहिलाच तर परवा करू’ हे वाक्य ज्याने ऐकलं, तो ते दहा जणांना सांगतो.

आता सुईचं. पेशंट इंजेक्शन मागतो तेव्हा ‘गरज नाही’ एवढ्यावर थांबलात तर त्याला नकार ऐकू येतो, उपचार ऐकू येत नाही. आधी विचारा, घाई कशाची आहे? बहुतेक वेळा उत्तर पोटाचं असतं: उद्या खाडा पडला तर हजेरी जाते, तोडणीवर टोळी थांबत नाही, पोराची परीक्षा आहे. हे कळलं की तुम्ही त्या अडचणीवर बोलू शकता. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल अनेकदा कमी पडतं: ५०० ची एक गोळी सकाळी, एक रात्री. त्याने दिवसभर ताप राहतो आणि औषधाचं नाव खराब होतं. लिव्हरचा त्रास नसेल, दारू नसेल तर ६५० ची गोळी सहा-सहा तासांनी, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही, असं स्पष्ट लिहून द्या. पहिली गोळी दवाखान्यातच, तुमच्या समोर, पाण्याबरोबर घ्यायला लावा. बाहेरच्या बाकावर अर्धा-पाऊण तास बसवा, अंग कोमट पाण्याने पुसायला सांगा आणि जाण्याआधी पुन्हा थर्मामीटर लावून आकडा दाखवा. आकडा उतरायला लागलेला त्याने स्वतः पाहिला की सुईची मागणी बरीच विरते. सुईत तो हेच शोधत असतो, दवाखान्यातून निघताना थोडं हलकं वाटणं. ते प्रामाणिकपणे देता येतं.

तापात डायक्लोफेनॅक टोचण्याचा मोह डेंगीच्या दिवसांत तर घातकच, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनचंही तेच. हे कारण पेशंटला साध्या शब्दांत सांगा, ‘ही सुई डेंगीत रक्त पातळ करते, म्हणून देत नाही.’ न देण्यामागे त्याचीच काळजी आहे हे कळलं की माणूस दुखावत नाही.

सलाईन मागणाऱ्याला बाटलीत काय आहे ते सांगा. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. डीएनएस (साखर घातलेलं सलाईन) असेल तर वर २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद असते. ज्याच्या उलट्या थांबत नाहीत, ज्याचं तोंड कोरडं पडलंय, ज्याला उठल्यावर अंधारी येते, त्याला सलाईन हवंच, आणि तिथे हात आखडू नका. बाकीच्यांना ओआरएस द्या, पण पुडी हातात ठेवून मोकळे होऊ नका. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीत. मोठी पुडी ग्लासात थोडी-थोडी टाकून पिणं ही नेहमीची चूक आहे, त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं आणि लहान मुलाचे जुलाब वाढतात. घरी लिटरची पाण्याची बाटली असते, ती दाखवून ‘ही भरून, अख्खी पुडी एकदम, २४ तासांत संपवायची, उरली तर ओतून द्यायची’ असं सांगा. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलीग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे, हेही आधीच सांगा, नाहीतर बाटली फडताळात जाते.

मुलांच्या तापाच्या औषधावर जरा थांबावंसं वाटतं, कारण आयांचा विश्वास इथे मिळतो किंवा जातो. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलीग्रॅम, गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलीग्रॅम. आता बाजारात १२५ चं सिरप आहे, २५० चं आहे (म्हणजे पाच मिलीत तेवढे मिलीग्रॅम) आणि थेंबांची बाटलीही आहे, जिच्यात एका मिलीत १०० मिलीग्रॅम असतं. म्हणजे तेच १५० मिलीग्रॅम १२५ च्या सिरपमधून ६ मिली, २५० च्या सिरपमधून ३ मिली आणि थेंबांतून दीड मिली होतं. ‘एक चमचा द्या’ म्हणून सोडलेल्या आईच्या घरी यातली कुठली बाटली आधीपासून उघडी आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि चमचा घरातला कुठला तेही नाही. बाळाला वजनकाट्यावर ठेवा, वजन चिठ्ठीवर लिहा, घरातली बाटली घेऊन यायला सांगा, तिच्यावरच्या मापाच्या झाकणावर पेनाने खूण करून द्या. ‘घरी गेल्यावर सासूबाईंना कसं सांगाल?’ असं विचारून तिच्या तोंडून एकदा ऐकून घ्या. तिची परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. ‘मी नीट सांगितलं का ते बघतो’ म्हणा. पाचात एकदा तरी काहीतरी उलटं ऐकू येईल आणि ते तिथल्या तिथे सुधारता येईल.

यापेक्षाही आधीची गोष्ट म्हणजे ऐकणं. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. तोडलं नाही तर माणूस बोलतच राहील ही भीती २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी तपासून पाहिली: न अडवता बोलू दिलं तर लोक सरासरी दीड मिनिटात थांबले आणि चारात तीनहून जास्त जण दोन मिनिटांच्या आत. तुमच्या वीस-पंचवीसच्या ओपीडीत ही दोन मिनिटं तुमच्याकडे नक्की आहेत. पेन खाली ठेवा, खुर्ची टेबलाच्या बाजूला घ्या, केसपेपर नंतर लिहा. तो थांबला की ‘आणखी काय होतंय?’ असं विचारा. ‘आणखी काही नाही ना?’ विचारलंत तर उत्तर ‘नाही’ असंच येणार, कारण प्रश्नातच ते दिलेलं आहे.

खरं दुखणं पुष्कळदा शेवटी येतं. गुडघ्यासाठी आलेले आजोबा पडद्याला हात लावून म्हणतात, ‘आन ते लघवीचं जरा...’ सर्दीसाठी आलेली बाई जाता-जाता झोप लागत नसल्याचं बोलते. पहिल्या दोन मिनिटांत ‘आणखी काय?’ विचारलं तर हे आधी निघतं. सून सासूबरोबर किंवा नवऱ्याबरोबर आली असेल तर तपासण्याच्या निमित्ताने ‘बाकीच्यांनी जरा बाहेर बसा’ म्हणा, सिस्टरला आत थांबवा आणि तिला तिच्या तोंडाने बोलू द्या. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, घरातली मारहाण यातलं काहीही चारचौघांत बाहेर येत नाही.

‘पित्त’ आणि ‘गॅस’ ऐकलं की दोन प्रश्न जास्त विचारा. जळजळ आहे की दाबल्यासारखं? चालताना, जिना चढताना वाढतं का? घाम फुटला होता का? हात, खांदा, जबडा भरून येतो का? पन्नाशीपुढचा, मधुमेही, तंबाखू खाणारा माणूस ‘पित्ताची गोळी द्या’ म्हणत हार्ट ॲटॅक घेऊन बसलेला असू शकतो. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना तर छातीत दुखण्याऐवजी कधीकधी नुसती धाप, मळमळ किंवा थकवा येतो. अशा माणसाचा नंबर लागेपर्यंत वाट बघायची नाही. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. शंका पक्की वाटली आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३२५ ची गोळी चावून खायला द्या आणि गाडी बोलवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवू नका. ईसीजीचं मशीन अजून घेतलं नसेल तर नव्या फर्निचरच्या आधी ते घ्या. तुमच्या कंपाउंडरला ही लक्षणं पाठ असली पाहिजेत, कारण बाकावर बसलेल्या माणसाकडे आधी त्याचं लक्ष जातं.

तपासणीबद्दल एक सवय लावून घ्या: तपासताना काय दिसतंय ते मोठ्याने सांगायचं. ‘घसा लाल आहे, पू नाही. छाती दोन्ही बाजूंनी साफ आहे, न्यूमोनिया नाही. कान ठीक आहे.’ हात लावून पाहिलं आणि काय पाहिलं हे कळलं की अँटिबायोटिकचा आग्रह कमी होतो, आणि ‘डॉक्टरांनी नीट बघितलंसुद्धा नाही’ ही तक्रार उरत नाही.

बीपी हा तुमच्या गावातल्या विश्वासाचा सगळ्यात सोपा पाया ठरेल, कारण ते घाईत सर्रास चुकीचं मोजलं जातं. पेशंट चालत येऊन लगेच बसला, बाही वर ढकलून घट्ट केली, तो बोलतोय, पाय लोंबकळताहेत, हात हवेत आहे, आणि आकडा १६० निघाला. मग आयुष्यभराची गोळी सुरू होते आणि घरी चक्कर येऊन तो पडतो. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी नको. लघवी करून यायला सांगा. पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, दंड उघडा. पट्ट्याच्या आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारी हवी. भरदार दंडाच्या माणसाला नेहमीचा पट्टा छोटा पडला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा घेऊन ठेवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा, आणि पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर. हे सगळं बाकावर बसल्या-बसल्या सिस्टर करू शकते. दुसरीकडे सांगितलेलं बीपी तुमच्याकडे नॉर्मल निघालं आणि का निघालं ते तुम्ही समजावलंत, तर तो माणूस पुढे कुठे जात नाही.

समोरच्या दवाखान्याबद्दल पेशंटसमोर एक शब्दही वाईट बोलू नका. माणूस कालच तिथे पैसे देऊन आलेला असतो, त्याला स्वतःचाच मूर्खपणा काढल्यासारखा वाटतो. एका बाबतीत मात्र सावध राहा. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर महिनोन्महिने सुट्या गोळ्यांची पुडी खाणारे लोक तुमच्याकडे येतील. चेहरा गोल झालेला, अंगावर काळे-निळे डाग, साखर आणि बीपी चढलेलं, अशी चिन्हं असतील तर पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. ‘फेकून द्या ते’ असं रागाने म्हणणं हीच इथली घोडचूक. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड लगेच तयार होत नाही. बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. पुडी घेऊन यायला सांगा, टप्प्याटप्प्याने कमी करायचं वेळापत्रक करा, गरज पडली तर फिजिशियनला विचारा.

औषधांचे पैसे हा विषय डॉक्टरांना काढायला संकोच वाटतो, पेशंटला तर त्याहून जास्त. तुम्ही काढा. पाच औषधं लिहिली असतील तर त्यातली कुठली दोन चुकवून चालणार नाहीत आणि कुठलं पैशाअभावी राहिलं तरी चालेल, ते चिठ्ठीवर खूण करून द्या. नाहीतर मेडिकलवाल्यासमोर उभा राहून माणूस ‘अर्धीच द्या’ म्हणतो आणि नेमकी चुकीची अर्धी घेतो. औषधाचं जनरिक नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा, २०१६ पासून वैद्यक परिषदेच्या नियमातही ते आहे. तालुक्यात जनऔषधी दुकान असेल तर मधुमेह-बीपीच्या रोजच्या गोळ्या तिथून घ्यायला सांगा, महिन्याच्या खर्चात लगेच फरक पडतो. फीचा बोर्ड लावणंही नियमात आहेच. त्यावर चौथ्या दिवसाची फेरतपासणी मोफत असल्याचं ठळक लिहा.

तुम्ही कट घेत नाही हे फार मोलाचं आहे, पण पेशंटला ते दिसत नाही. दिसतं ते असं: मोठ्या दवाखान्यात पाठवताना तुम्ही हातात नीट चिठ्ठी देता, ज्यात काय झालं, कधीपासून, काय औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, तुमची शंका काय आणि तुम्हाला काय विचारायचंय हे पाच-सहा ओळींत असतं. तिथल्या डॉक्टरांना त्याच्यासमोर फोन लावता. अंदाजे खर्च सांगता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारं ऑपरेशन असेल तर यादीतलं हॉस्पिटल सुचवता, रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्यायला सांगता, आणि तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनीसाला) भेटा म्हणता. सोलापूरला गेल्यावर कागद अपुरे म्हणून परत आलेल्या कुटुंबाचा एक दिवस, गाडीभाडं आणि धीर, तिन्ही जातं. एवढं आधी सांगितलं तर ते वाचतं.

डिस्चार्जनंतरची भेट तर फॅमिली डॉक्टरचीच. ‘घरी आलात की पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, जुन्यासुद्धा’ असं सांगून ठेवा. टेबलावर पिशवी रिकामी करा. एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चालू असलेली सापडते, पाच दिवसांची ॲसिडिटीची गोळी वर्षभर चाललेली असते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर दुखीची गोळी सुरू असते. काय ठेवायचं, काय बंद, ते एका कागदावर सकाळ-दुपार-रात्र अशा रकान्यांत लिहा, आणि बंद केलेल्या पाकिटांवर घरच्यांच्या समोर पेनाने काट मारा. ही पंधरा मिनिटं घरातला प्रत्येक जण लक्षात ठेवतो.

लक्षात ठेवण्याबद्दल: तुम्ही सगळ्यांची नावं पाठ करावीत अशी अपेक्षा नाही. कुटुंबाची एकच फाईल करा, पहिल्या पानावर घरात कोण-कोण, कोण परगावी, घरात कोणाला साखर-बीपी, अलीकडे कोण गेलं, एवढं दोन-चार ओळींत. पेशंट आत येण्याआधी तीस सेकंद ते पान बघा. मधुमेह्याच्या पानावर पाय, डोळ्याचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी तपासलं त्याच्या तारखा. वर्ष उलटलं की कंपाउंडरने फोन करायचा. नॉर्वेतला २०२१ चा एक मोठा अभ्यास सांगतो की एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण पहिल्या वर्षातल्या लोकांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होतं. तुमची तीन वर्षं हे या कामात बी पेरल्याचे दिवस आहेत.

रोज संध्याकाळी दवाखाना बंद करताना तीन ते पाच नावं निवडा: सगळ्यात लहान बाळ, सगळ्यात म्हातारं माणूस, ज्याच्याबद्दल मनात शंका राहिली तो. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. ‘ताप किती? लघवी झाली का? काही खाल्लं का?’ एका मिनिटात होतं. डॉक्टरने आपणहून केलेला फोन लोकांना नवा असतो. आणि कधीकधी त्या फोनवरच कळतं की माणसाला लगेच आणायला हवं.

शेवटच्या आजारातल्या माणसाकडे घरी जाणं टाळू नका. बरं करण्यासारखं काही उरलेलं नसलं तरी दुखणं कमी करणं, तोंड कोरडं पडू न देणं, कूस बदलायला शिकवणं, आणि ‘आता खाण्याचा आग्रह नको’ हे घरच्यांना सांगणं तुमच्या हातात असतं. तुम्ही शेवटच्या आजारात उपचार करत असाल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या (१९६९) कलम १० प्रमाणे बिनफी द्यायचा असतो. पहाटे दारात आलेल्या मुलाला दाखल्यासाठी तिष्ठत ठेवू नका. मृत्यू संशयास्पद असेल किंवा तुम्ही त्या माणसाला पाहिलेलंच नसेल तर मात्र कोणाच्याही ओळखीने सही करायची नाही.

दवाखान्याच्या वेळेचं थोडक्यात: लिहिलेल्या वेळेला दार उघडं असू द्या. बाहेरगावी जाणार असाल तर आठ दिवस आधी बोर्डावर तारीख आणि त्या दिवसांत कोणाकडे जायचं ते लिहा. दहा किलोमीटरवरून एसटीने आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो पुढच्या वेळी तिकडूनच वळतो. कंपाउंडरने बाकावरच्या लोकांसमोर आजाराचं नाव मोठ्याने विचारू नये.

राहिला रिव्ह्यूंचा आणि जाहिरातीचा प्रश्न. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट मिळवण्यासाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करणं अनुचित मानलेलं आहे, त्यामुळे मित्राचा सल्ला बाजूला ठेवा. त्याऐवजी येत्या सोमवारपासून तापाच्या प्रत्येक केसपेपरवर कोपऱ्यात ‘आज कितवा दिवस’ लिहायला सुरुवात करा, पुढचे तीन दिवस कसे जातील ते सांगा आणि चौथ्या दिवशी कोण परत आलं त्याची वहीत नोंद ठेवा. जो आला नाही त्याला फोन लावा. ‘समोर गेलो होतो’ म्हणाला तर रागावू नका, ‘आता कसं आहे?’ एवढंच विचारा आणि धोक्याची लक्षणं पुन्हा एकदा सांगून ठेवा.